डाव्या हाताची करंगळी

धर्मपाल तायडे एकतीस वर्षांपासून टाइप करतात. आधी अकोल्याच्या कोर्टाबाहेर मशीनवर, आता अमरावतीत केशवरावांच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर. मशीनची एक खोड मात्र गेली नाही: डाव्या हाताची करंगळी कायम शिफ्टवर. मराठीची निम्मी अक्षरं शिफ्टनंच निघतात, मग बोट उचलायचं कशाला?

फुकट मिळतं म्हणून केशवरावांनी यंदा होळीच्या तोंडावर कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतलं, आणि टाकणाऱ्यानं हौसेनं त्यात नाना चाळे भरले. विंडो ओढली की डुलते, बंद केली की धुरासारखी विरते. धर्मपाल तिकडे ढुंकूनही बघत नसत. काम करायचं की तमाशा पाहायचा?

होळीपासून त्यांना पान काळं दिसू लागलं. सकाळी बरं असे. मजकूर तपासत खाली खाली जावं तसा अंधार वाढे, दुपारी तर अक्षर सापडेना. स्क्रीनचा उजेड बटणानं शंभरावर नेला, तरी तेच. शुगर होती. आईची नजर अशीच गेली होती. घरी पेपर नीट वाचता येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. भीती बसली की माणसाचं डोकं चालतं होय! डॉक्टरकडेही गेले नाहीत.

मे महिन्यात लग्नपत्रिकेत नवरीचंच नाव चुकलं. तेव्हा धर्मपाल स्वतःच म्हणाले, "मालक, मले आता दिसून नाही राहिलं. दुसरं कोणी पाहा."

त्यांच्या जागी परतवाड्याची नोकरी सोडून गीतांजली आली. शेवटच्या दिवशी धर्मपाल तिला काम दाखवत होते.

"काका, शिफ्ट दाबून चाक कावून फिरवता? पान काळं होऊन राहिलं ना!"

तिनं शिफ्ट दाबून माउसचं चाक उलटं फिरवलं. पान उजळत गेलं, पार पांढरंफेक झालं.

"ते विंडो डुलते ना, तसलाच हा एक चाळा. शिफ्ट दाबून चाक फिरवलं की तेवढ्याच विंडोचा उजेड कमी-जास्त होते. तुमचे डोळे तर झकास आहेत, काका."

धर्मपालांना आधी हसू फुटलं, मग भडभडून आलं. तीन महिने रोज आंधळं होण्याची तयारी केली होती त्यांनी, आणि ती एका करंगळीपायी! आत्ता केशवरावांना सांगितलं तर खुर्ची परत मिळेल. हे गीतांजलीच्याही लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला.

"मंग आता तुमीच बसान ना?" ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात केशवराव आत आले. "काय धर्मपाल, जमते का पोरीले?"

धर्मपालांनी स्क्रीनकडे पाहिलं. काना, मात्रा, सगळं लख्ख दिसत होतं. फार थकल्यासारखं झालं त्यांना.

"जमते ना," ते म्हणाले. "माह्यापेक्षा चांगलं दिसते तिले."

मग चष्मा पुसून त्यांनी खिशात ठेवला आणि ते बडनेऱ्याला घरी जाणारी बस पकडायला निघाले.