मीठ घालू का?

परवा रविवारी आमच्या धायरीच्या घरात एक बाटली संपली... आणि मला सुमनची फार आठवण झाली. गैरसमज नको, बाटली सॅलडच्या ड्रेसिंगची होती.

आमची सून अनुजा मूळची नागपूरची, आयटीतली. रविवारी हौसेनं सॅलड करते. कोबी, गाजर, काकडी, मोड आलेले मूग... सगळं तयार, आणि मोहरीच्या ड्रेसिंगची मॉलमधली बाटली उलटी धरली तर नुसताच फुस्स आवाज. "एवढी महाग, आणि चार वेळाही पुरत नाही," म्हणून ती वैतागली. मी म्हटलं, "घरात मोहरी आहे ना? मग फेसू की!"

'फेसणं' हा शब्दच तिला ठाऊक नव्हता. मी ओट्याखालच्या कपाटातून खलबत्ता काढला. मोहरी, चिमूटभर साखर, चमचाभर पाणी... आणि कुटायला बसलो. बत्त्याचा तो आवाज सुरू झाला मात्र, मी पार मागे निघून गेलो.

तेव्हा मी कचेरीत कारकून. महिनाअखेरीला दोन भाज्या परवडायच्या नाहीत, पण माझ्या बायकोचं, सुमनचं ताट कधी केविलवाणं दिसलं नाही. "भाजी एकच असू दे, पानाची डावी बाजू भरलेली हवी," म्हणायची. कचेरी सुटली की आम्ही मंडईत भेटायचो. बाजार आवरताना उरलेले वाटे स्वस्तात मिळत... मी एखाद्या जुडीकडे बघत हरवलो की भाजीवाल्या मावशी ऐकवायच्या, "काका, मुळा घ्यायचाय का त्याच्यावर कविता करायचीय?"

त्याच मुळ्याची दह्यातली कोशिंबीर व्हायची आणि पाल्याची पीठ पेरून भाजी. कधी कोबीची पचडी, कधी गाजरात लिंबू आणि दाण्याचं कूट. काकडीच्या रायत्याची मोहरी फेसणं मात्र माझ्याकडे. किती वेळ फेसायची? त्याचं माप कवितेचं. चौथीच्या पुस्तकातली आठ कडव्यांची एक कविता मला अजून पाठ आहे... सहाव्या कडव्याला मोहरी पांढुरकी होते, आठव्याला नाकात जाते.

"बाबा, काय पुटपुटताय? मंत्र आहे का?"

"टायमर आहे."

आठवं कडवं संपलं. अनुजानं वास घेतला आणि मागे सरकली. "बाप्पा! काय झणका आहे!" मग तिनं त्यात लिंबू, मध, थोडं तेल आणि मीठ घालून ढवळलं, बोट चाटलं, खूश झाली. आणि वाटी उचलून सॅलडवर ओतायला निघाली... मी जवळजवळ ओरडलोच, "थांब! आधी निखिल येऊ दे!"

निखिल म्हणजे माझा मुलगा. अनुजा बघतच राहिली. मग सांगावं लागलं...

मीठ लागलं की कोशिंबिरीला पाणी सुटतं. म्हणून सुमन मीठ अगदी शेवटी घालायची, माणूस जेवायला येताना. "अहो, मीठ घालू का?" म्हणजे या जेवायला. "जेवायला चला" असं आमच्या घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. निखिल हिंजवडीला लागला, त्याचा पहिला मोबाइल आला, तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे. ही फोन करून तेवढंच विचारायची, "मीठ घालू का?" तो फाट्यावर उतरला असला तर म्हणायचा "घाल", नाहीतर "थांब". मित्रांनी त्याचं नावच 'मीठ' पाडलं होतं.

सुमन जाऊन दोन वर्षं झाली. ते तीन शब्दही तिच्याबरोबर गेले. निखिल खोलीत लॅपटॉपसमोर जेवतो, अनुजा सवड मिळेल तेव्हा, आणि मी साडेबाराला टेबलावरचं झाकलेलं ताट उघडतो. रविवारीसुद्धा. तक्रार कसली करायची, पोरं राबतात... पण खरं सांगू? मला भूकच लागेनाशी झाली होती.

हे शेवटचं अर्थात मी तिला सांगितलं नाही. तिला वेगळाच हिशोब लागला होता.

"म्हणजे मी रोज सकाळी मीठ घालून झाकून जाते, ती कोशिंबीर..."

"दुपारपर्यंत पोहायला लागते."

"आणि तुम्ही रोज 'छान होती' म्हणता!"

"दीड वर्ष झालं तुला पुण्यात येऊन, 'छान'चा अर्थ अजून कळला नाही?"

ती हसली नाही. ड्रेसिंगची वाटी हातात घेऊन निखिलच्या बंद दाराशी गेली. रविवार असूनही त्याचा कॉल चालू होता. एरवी हाक मारली की आतून "दोन मिनिटं" असं उत्तर येतं, आणि ती दोन मिनिटं तासभर चालतात. तिनं दार वाजवलं नाही. फक्त विचारलं, "निखिल, मीठ घालू का?"

आतलं इंग्रजी एकदम थांबलं...

दार उघडलं. हेडफोन गळ्यात तसाच. त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "घाल."

तिघं एकत्र जेवलो. कोबी कसा करकरीत लागत होता! मोहरी बहुतेक एखादं कडवं जास्त फेसली गेली असावी, कारण तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं... मोहरीच ती, दुसरं काय.

काल सोमवार. दोघंही ऑफिसला गेलेले. साडेबाराला ताट उघडलं तर कोशिंबीर अगदी मोकळी, आणि शेजारी इवल्याशा वाटीत मीठ. बघत होतो तोच फोन वाजला. अनुजा... मीटिंगमधून बोलत असावी, आवाज अगदी हळू. "बाबा, मीठ घाला." आणि फोन बंद.

आता इनकमिंगला पैसे पडत नाहीत. तरी तिनं एक शब्दही वाढवला नाही... बरं केलं.

काल मी एक पोळी जास्त खाल्ली.