चांगली म्हणून वाढलेली चपाती

गेल्या महिन्यात मी घरात जाहीर केलं, “आजपासून माझा गहू बंद!” खालच्या मजल्यावरच्या दोघींनी सोडला होता, एकीचे तर गुडघे दुखायचे थांबले म्हणे. मग माझ्या गुडघ्यांनीच काय पाप केलंय? लेक भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, तपासून घेतलंस?” हा प्रश्न आला की आमच्या घरात मला तोंड उघडता येत नाही. का, ते सांगते.

माझं माहेर गिरगावात, फणसवाडीत. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले ती नाक वर करूनच. सासरची माणसं मालवणकडची, दोन्ही वेळा भात. मी मनात म्हणायचे, भात काय, कुणीही रांधतं. मऊसूत घडीची पोळी करायला हात लागतो. आणि ही मंडळी त्या पोळीला चपाती म्हणायची, तेसुद्धा मला खुपायचं. तेव्हाची ती शहाणी आज भेटली तर तिचा कानच पिळीन.

संप झाला तेव्हा लेक चार वर्षांची. ह्यांची गिरणी बंद पडली आणि घरात पेज आणि जेमतेम चपात्या सुरू झाल्या. पोर वाळत चालली. हातपाय काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, वर सारखे जुलाब. पण त्या दिवसांत चाळीत धष्टपुष्ट होतं कोण? सगळे म्हणाले, संपानं खाल्लं पोरीला. मग मी घरातला सगळा गहू तिच्यापुरता राखून ठेवला. आम्ही पेज प्यायची आणि तिच्या ताटात तूप लावलेली चपाती. समोरच्या खोलीतली मावशी आपल्या मुलांच्या वाटणीतली अर्धी चपाती आणून द्यायची, “घाल गं तिला, चांगलं असतं.” ती अर्धी चपाती मी जन्मात विसरणार नाही. सगळी चाळ मिळून आम्ही त्या पोरीला मायेनं आजारी पाडत होतो.

पावसाळ्यानंतर सासूबाई तिला गावी घेऊन गेल्या. तिथे पेज, नाचणीची भाकरी, तांदळाची घावणं. तीन महिन्यांनी परत आली ती गाल घेऊन! मला आनंदाचं भरतं आलं. काय केलं असेन? चपात्या. पंधरा दिवसांत पोट पुन्हा नगारा.

सासूबाईंनी पोळपाट उचलून फळीवर ठेवला. “तिका गहू सोसणा नाय. आता घरात गहू नको.”

“आई, पोळीनं कधी कोणी आजारी पडतं का?”

“तुमच्या गिरगावात नसतीत पडत.”

गहू बंद झाला, पोट उतरलं. आता गप्प बसावं ना मी? पण नाही. सासूबाईंना खोटं पाडायला पोरीला घेऊन परळच्या इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “सासूबाईंचा अंदाज खरा असेलही. पण गहू बंद असताना तपासलं तर आतडं बरं झालेलंच दिसेल. काही आठवडे पुन्हा द्या, मग तपासू. हे जन्मभराचं पथ्य आहे, नुसत्या अंदाजावर नको.”

मी लढाई जिंकल्यासारखी घरी आले. आठवड्यात मिजास उतरली. जिला दुखतं हे दिसतंय, तिलाच घास भरवायचा! रोज वाटायचं, पुरे झालं, नको ती तपासणी. आणि मग अचानक पोरीचं पोट बरं झालं. चपाती तर ताटातून रोज संपत होती. माझी मान ताठ. बघा, म्हटलं, पोळीचा दोष नव्हताच!

दुसऱ्या दिवशी पाणी भरून लवकर परतले, तर सासूबाई नातीला पेज भरवतायत आणि तिची चपाती स्वतःच्या तोंडात.

“आई!”

“खाल्लंय मिया! चेडवाक दुखता ता माका बघवणा नाय.”

मला हसू आलं आणि रडूही. दोघी तिथेच जमिनीवर बसलो. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना पहिल्यांदाच धड सांगितलं. आधी नुसता तोरा मिरवला होता. मग पुढचे आठवडे त्यांनीच तिला चपाती भरवली, पदरानं डोळे पुसत.

तपासणीत आतड्याचा कण काढून बघितला. दोष गव्हाचाच निघाला. सासूबाई एकदाही ‘बघ, मी सांगितलं होतं’ म्हणाल्या नाहीत. मी असते तर चाळभर ओरडले असते. नंतरही कधीमधी लेकीचं पोट दुखायचं, तर बऱ्याच वर्षांनी कळलं की डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. हिंगाची आमटी माहेरून आणली कोणी? मीच.

तर गेल्या महिन्यात लेकीनं मला रक्त तपासायला नेलं. तोवर रोज चपाती खायची सक्ती. रिपोर्ट स्वच्छ आला. गुडघ्यांचं निव्वळ वय झालंय. त्या रात्री तिनं माझ्यासाठी राखलेला वेगळा तवा काढला, जी चपाती तिला चाखता येत नाही ती लाटली, तूप लावलं आणि ताटात वाढत म्हणाली, “घे गं आई. तुला चांगली असते.”