माडगरुडाने पेरलेलं रान

दाभोळच्या तांडेलाचा मुलगा हमीद परकार दर्यावर गेला नाही. तो वनस्पतिशास्त्र शिकला आणि १९२८ साली रत्नागिरीच्या एका वनस्पती बागेत संशोधक म्हणून लागला. बागेत रानजायफळाच्या वाळवलेल्या बिया पेरत, पण त्या काही केल्या रुजत नसत.

कारण शोधायला हमीद मंडणगडच्या देवराईत गेला, तर तिथे एका झाडाखाली रानजायफळाची रोपंच रोपं! वर ढोलीत माडगरुडाचं, म्हणजे धनेश पक्ष्याचं घरटं होतं. पक्षी फळं गिळायचा आणि गर पचवून स्वच्छ, ओल्या बिया खाली टाकायचा. हमीदने त्या ओंजळभर उचलल्या, ओल्या फडक्यात बांधून आणल्या आणि तशाच घराजवळच्या वाफ्यात लावल्या.

श्रावणातल्या एका सकाळी बायकोची, शरीफाची हाक आली, "अहो, धावत या! माती फुटलीय!"

हमीद हातातली चहाची बशी तशीच टाकून अनवाणी धावला. लालसर कोंब पाहून तो चिखलातच बसला आणि लहान मुलासारखा हसू लागला.

"शरीफा, हे सगळं रान पाखरांनीच लावलंय गं! कुठलं पाखरू कुठलं झाड लावतं, ते आता मला बघायचंय!"

"आधी पाय तरी धुवा," ती हसून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा मंडणगडच्या वाटेला लागला आणि पुढे सारी नोकरी त्याने त्याच शोधात घालवली.