साहेबांच्या पायात बॉल

त्या मोसमात आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमकडून गोलच होईनात. कारखाना तुर्भ्याचा, आणि आम्हाला नोकरीवर घेतलेलं ते खेळण्यासाठीच. सकाळी मशीन, दुपारनंतर मैदान. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त गोल माझे, म्हणून मॅनेजमेंटनं खूश होऊन मला ऑफिसर केलं. सगळं तिथंच बिनसलं.

कोच म्हणायचे, माझी धाव कमी झाली. कुणी म्हणे, आता सगळे डिफेंडर मला ओळखून आहेत. एका शहाण्यानं तर गोलपोस्टवरून लिंबूसुद्धा उतरवून टाकलं.

मी साताऱ्याकडचा. आधी कोपरखैरण्याला टीममधल्या दोघांबरोबर एका खोलीत राहायचो. ऑफिसर झाल्यावर वाशीला फ्लॅट मिळाला. माणूस एक आणि खोल्या दोन, बोलायचं ते भिंतींशी. जेवायलाही ऑफिसरांचं वेगळं कॅन्टीन. पूर्वी आमचा लेफ्ट विंगर घरून सुक्या जवळ्याची चटणी आणायचा. तो डबा उघडतोय तोवर आमचे हात आत गेलेले असायचे. तो करावे गावचा. माझे निम्मेअधिक गोल त्याच्याच पासवर झालेले. बॉल माझ्या बराच पुढे, मोकळ्या जागेत मारायचा आणि वर ओरडायचा, "धाव ना रं आळशा! बॉल काय तुझ्या घरी येनार हाय?" मी त्याला उलट शिव्या देत पळायचो. पोचलो की समोर फक्त गोलकीपर.

एका मॅचला मध्यंतरानंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॉल आता पुढे पडतच नव्हता. अलगद, अगदी माझ्या पायात येत होता. साहेबांना पळायला लागू नये म्हणून! तो घेऊन वळेपर्यंत दोन डिफेंडर पाठीला चिकटलेले. सगळी टीम तेच करत होती, आणि कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. ऑफिसरला पळवायचं कसं? सोपा गोल चुकवला तरी म्हणत, "चालतंय साहेब." त्या "चालतंय"चा मला इतका राग यायचा, की एकदा शर्ट काढून फेकला. तोही कुणीतरी घडी घालून आणून दिला.

कोचनी बजावलं, पुढच्या मॅचला गोल नाही तर बाहेर बसायचं. बाहेर बसायची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला माझा विंगर परत हवा होता.

प्रॅक्टिस संपल्यावर तो बूट सोडत बसला होता. मी शेजारी गेलो तर उठून उभा राहिला.

"बस की रे," मी म्हटलं. "बॉल पहिल्यासारखा पुढे टाक. आणि मला शिव्या घाल."

तो कानकोंडा झाला. "आसं कसं सायेब? लोक काय म्हनतील?"

"घाल म्हणतो ना!" माझा आवाज चढला.

"बरं सायेब."

मॅचला त्यानं बॉल लांब पुढे टाकला. मागून ओरडलाही, अगदी पूर्वीच्या सुरात. मी जीव खाऊन पळालो आणि गोल झाला. सगळी टीम धावत आली, पण माझ्या गळ्यात कुणी पडलं नाही. प्रत्येकानं हात मिळवला. विंगर सगळ्यात शेवटी आला. शर्टाला हात पुसून त्यानं पुढे केला आणि हळूच विचारलं, "शिवी बरोबर दिली ना, सायेब?"