कालव्याकाठी घोडीवर

बसच्या पायरीवर पाय उचलेना, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपलं काहीतरी बिघडलंय. मी तंजावुरात शाळेत गणित शिकवते. दिवसभर उभं राहून मांड्या भरून येत असतील, असं मी बरेच दिवस समजत होते. मग जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला. चेन्नईला तपासण्या झाल्या. हा स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी अगदी शांतपणे सांगितलं.

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे मान्य नव्हतं. तो तिरुवैयारुच्या पुढे आमच्या शेतावर राहतो, भात आणि नारळ बघतो. त्याने मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला होता. पाय लुळे पडलेल्या मुलांना म्हणे खोगीर न घालता घोड्यावर बसवतात. घोड्याच्या चालीबरोबर कंबर हलते आणि आपण चालतोय असं समजून स्नायू कामाला लागतात. आमच्याकडे रेक्ला म्हणून हलक्या गाड्यांच्या शर्यती होतात. त्या शर्यतींतून बाद झालेली एक ठेंगणी तांबडी घोडी त्याने आणली आणि नारळाच्या बुंध्याला बांधली. रविवारी चुडीदार घालून ये, एवढंच त्याने फोनवर सांगितलं.

माझा त्या व्हिडिओवर विश्वास नव्हता. पण त्याने घोडी आणून ठेवली होती. मी गेले.

कालव्याला नुकतंच पाणी सुटलं होतं. अण्णाने मला पुलाच्या कठड्यावर उभं केलं, घोडी अगदी खेटून आणली आणि माझा उजवा पाय स्वतःच्या हातांनी उचलून पलीकडे टाकला. खोगीर नसलं की तिच्या पाठीचा कणा थेट बोचतो. तिच्या अंगाची ऊब कपड्यांतून वर येते. धरायला आयाळ तेवढी. घाबरून मी गुडघ्यांनी तिला आवळायला गेले, तर अण्णा म्हणाला, आवळू नको, आवळलंस की वर ढकलली जाशील, पाय नुसते लोंबू दे. लहानपणी शेजारच्या गावातल्या घोड्यांना तो नदीवर अंघोळीला न्यायचा, तेव्हापासून त्याला हे ठाऊक होतं. आवळायला माझ्या मांड्यांत जोर नव्हताच, त्यामुळे हा धडा मला लगेच जमला.

तो दोर धरून पुढे चालायचा. पिढ्यान्पिढ्या तंजावुराकडे राहूनही आमच्या घरात मराठी टिकलीय, म्हणून आम्ही आपसांत मराठीत बोलायचो आणि घोडीशी तमिळमध्ये, कारण तिला तेवढंच कळायचं. सुरुवातीला मी सारखी घसरायचे, बांधावरच्या चिखलात बसायचे आणि अण्णा मला काखेत हात घालून उभं करायचा.

एका रविवारी त्याने न सांगता दोर सोडला. माझ्या लक्षात आलं तेव्हा तो बराच मागे राहिला होता आणि घोडी आपली कालव्याच्या काठाने चालली होती. माझी कंबर डावी-उजवी हलत होती, जशी पूर्वी चालताना हलायची. ते मी विसरले होते. अण्णा धावत आला.

"बघ, पाय धरतायत तुझे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

पाय काहीच धरत नव्हते. भाताचं पोतं बसावं तशी मी बसले होते, आणि घोडी शहाणी होती म्हणून पडले नव्हते. पण मी तसं बोलले नाही. त्या संध्याकाळी त्याने वहिनीला सांगितलं की पोंगलपर्यंत ही एकटी शेताला फेरी मारेल. त्याच आठवड्यात शाळेचा जिना मला चढवेना, आणि माझा वर्ग तळमजल्यावर आणला गेला. तेही मी त्याला सांगितलं नाही.

पोंगल आला आणि गेला. पुढच्या उन्हाळ्यात मला वर बसवायला अण्णाबरोबर गडीही लागायला लागला. आयाळ धरलेली मूठ आपोआप सुटायची. कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं भात कापून झालं, त्या सुमारास एकदा घोडी चालता चालता जराशी बाजूला सरली. माशी बसली असेल, बाकी काही नाही. मी सरळ खाली, धसकटांत गेले.

मोडलं काहीच नाही. पण उठता येईना. मी कोपरांवर रेटा देऊन पाहिला, कुशीवर वळून पाहिलं. मी आपली आपण उठेन म्हणून अण्णा थोडा वेळ थांबला होता. मग तो माझ्याशेजारी धसकटांत येऊन बसला.

"अण्णा, आता पुरे," मी म्हटलं.

"अजून थोडे महिने बघू."

"माझे पाय जात चाललेत. घोडीवर बसून ते परत येणार नाहीत. मला पहिल्यापासून माहीत होतं."

तो बराच वेळ धसकटं उपटत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "मग मी काय करू?"

घोडी लांब जाऊन चरत होती. शेवटी त्याने मला उचललं आणि घरी नेलं.

आता मी खुर्चीत बसून शिकवते. ती खुर्ची चाकांची आहे. रविवारी अण्णा कार घेऊन येतो, मला शेतावर नेतो आणि नारळींखाली बसवतो. घोडीला कुणी विकत घेत नाही, तिचं वय झालंय. बसून राहिली तर पाय आखडतील म्हणून तो तिला रोज दोराने कालव्यापर्यंत फिरवून आणतो. परवा तिला माझ्याजवळ उभी करून त्याने हळूच विचारलं, नुसतं बसतेस का एकदा, मी धरतो. मी नको म्हटलं. त्याने मान हलवली आणि तिला पाणी दाखवायला घेऊन गेला.