शिफ्टच्या बसमध्ये लावलेला अल्बम

तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला वाळूजच्या कंपनीत जाणारी आमची शिफ्टची बस आठवते. बजाजनगरच्या आमच्या लाडक्या रॅपरचा नवा अल्बम त्याच सकाळी आला होता. ड्रायव्हरच्या मागं बसेल त्याच्या मोबाईलवरची गाणी लागायची, असा बसचा रिवाज, आणि त्या दिवशी तिथं मी होतो. "लाव की भावाचं नवं," ड्रायव्हर म्हणाला, आणि मी आधी न ऐकताच लावलं. पहिल्या गाण्यावर अख्खी बस डोलली. दुसऱ्यात मात्र भाऊ थेट लेबर ठेकेदारांवर घसरला. कामगारानं तोंड उघडलं की त्याचा गेटपास कसा बंद होतो, ते खणखणीत सांगू लागला. बसचं डोलणं थांबलं, कारण आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर ड्रायव्हरच्या शेजारच्याच सीटवर होता. मला ते बंद करायचंही सुचेना. गाणं संपेपर्यंत तो वळला नाही. गेटवर उतरताना एवढंच म्हणाला, "मला बी पाठव ते." मी पाठवलं. त्याला गाणं आवडलं होतं की पुरावा हवा होता, हे कधीच कळलं नाही. माझा पास चालूच राहिला. पण भावाचा तो सगळ्यात जिगरबाज अल्बम मी अजूनही इयरफोन लावूनच ऐकतो, अगदी घरीसुद्धा.