म्हशीचा मालक

नव्वदच्या सुमारास आम्ही गुजरातेत, पर्वत पाटिया भागात राहायचो. तेव्हा तिकडे मोकळी जागा बरीच होती. खोलीमागे पत्र्याचा गोठा, त्यात आमची एक म्हैस. मी सायकलीवर उधन्याला कापडाचा लूम चालवायला जायचो. शेण, चारा, धार सगळं बायको बघायची. मी सकाळी दूध डेरीवर पोचवायचो, तिथला दुधाचा पगारही मीच आणायचो. म्हणून अख्ख्या गल्लीत मी भैंसवाला. ते मला आवडायचंही.

मग मला स्कूटर घ्यायची हौस आली. म्हैस विकायची ठरवली. बायको नको म्हणाली. मी म्हटलं, घरात मालक कोण आहे? ती चाऱ्याची पाटी उचलून गोठ्यात गेली. मला वाटलं, जिंकलो.

गिऱ्हाईक आलं, गुजराती म्हातारा, ढोरांचा जुना पारखी. धार डोळ्यांनी बघितल्याशिवाय असा माणूस सौदा करत नाही. मी बायकोला हाक मारली. ती उंबऱ्यात भाजी निवडत बसलेली. जागची हलली नाही.

"तुमनी म्हैस शे ना? मंग तुम्हीच काढा धार."

परक्या माणसापुढे वाद नको म्हणून बसलो बादली घेऊन. कासेला हात लावला तशी म्हैस बाजूला सरकली. मी चुचकारलं, पेंड दाखवली. पेंड खाल्ली तिने, पण पान्हा चोरला. बादलीत दोन चुळा भरतील एवढंच दूध. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, भाऊ, वहिनीचं लुगडं नेसून बसा, म्हैस फसेल. मी म्हटलं, म्हैस फसेल, पण मी नेसणार नाही.

म्हातारा हसत माझ्याकडे बघून म्हणाला, "भाई, आ भेंस तो बेननी छे." म्हणजे म्हैस तर बहिणीची. आणि बायकोला विचारलं, मालक हेच ना?

आमच्याकडे बाई नवऱ्याला मालकच म्हणते. तिने पदर सावरला, भाजीची पाटी बाजूला ठेवली.

"ह्या मना मालक शेतस. म्हैसना नहीत."

म्हणजे माझे मालक खरे, म्हशीचे नव्हेत. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी तिनेच दिलं. मग ती बसली, बादली भरली, त्याला चहा पाजला आणि म्हैस विकायची नाही, असं स्वतःच सांगून टाकलं. तो मला रामराम घालून गेला, तिला मात्र हात जोडून.

मीही हट्टी. महिनाभर रोज बसलो त्या म्हशीखाली. शेवटी ती मला अर्धं दूध द्यायला लागली. उरलेलं अर्धं बायकोसाठी राखायची.

स्कूटर पुढे आलीच. दुधाच्या पैशावरच आली, डेरीचा पगार तेव्हा बायको स्वतः आणायची. डेरीवर जाताना किटली पुढे, ती मागे. गल्लीतले म्हणायचे, बेनने ड्रायव्हर ठेवलाय.

म्हणोत. गाडी मीच चालवायचो, तिला येत नव्हती.